एकेचाळीस कॉलचा फेरफार

शेअरबाजारात पैसे गेले म्हणून पाइपलाइन रोडवरच्या त्या कॉलनीत कधी कोणी कोणावर रागावलं नव्हतं. पैसे जातात, येतात, पुन्हा जातात. माणूस चहा पितो आणि कामाला लागतो. कॉलनीला राग आला तो नारायणराव देवचक्क्यांनी हे सगळं लिहून ठेवायला घेतलं तेव्हा. तेही शाईच्या पेनाने, लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात, प्रत्येक पानाला आधी क्रमांक घालून.

नारायणराव महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अजून सर्कलसाहेब म्हणत. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढते तेव्हा गावच्या दप्तरात जी नोंद होते तिला फेरफार म्हणतात, आणि नारायणरावांनी चौतीस वर्षांत अकोले तालुक्यापासून शेवगावपर्यंत असे हजारो फेरफार मंजूर केले होते. त्यातला एकही वर अपिलात रद्द झाला नाही, असं ते अभिमानाने सांगत. खरं म्हणजे एक झाला होता. पण तोही ते आपण होऊन सांगत, कारण न सांगता त्यांना जेवण जात नसे.

अशा माणसाने निवृत्तीनंतर बागेत चकरा माराव्यात, नातवंडांचे फोटो बघावेत. पण बागेच्या फाटकाबाहेर वाल्मिकची चहाची टपरी होती, आणि टपरीच्या बाकावर बिभीषण गायके बसायचा.

बिभीषण मूळचा पाथर्डीकडचा. नागापूरच्या एमआयडीसीत त्याचं ग्रिल-शटरचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप बरं चालायचं, पण त्याचा जीव शेअरमध्ये. सकाळी चार चकरा झाल्या की बाकावर बसून तो चहा फुंकत त्या दिवसाचा कॉल द्यायचा. कुठला शेअर घ्यायचा, कितीला विकायचा, किती दिवस धरायचा. कंपनीचं पूर्ण नाव घेणं त्याला कमीपणाचं वाटे. "ते आपलं पाईपवालं" किंवा "ते रंगाचं, निळ्या डब्याचं" एवढ्यावर तो भागवायचा. ऐकणारे मान डोलवायचे. शेअर चढला की चौथ्या दिवशी बाकावरचे सगळे म्हणत, घेतला होता. पडला की सगळे म्हणत, बरं झालं आपण नव्हता घेतला. अशा रीतीने त्या बाकावर आजवर कोणाचाही एक पैसा बुडालेला नव्हता.

हे असंच चाललं असतं. पण जुलैत बिभीषणने जाहीर केलं की दसऱ्यापासून तो क्लास सुरू करणार. माणशी पाच हजार, आठवड्यातून दोनदा, वर्कशॉपच्या वरच्या हॉलमध्ये. बावीस नावं आलीसुद्धा. पहिलं नाव विमा कंपनीतल्या अनीशचं, नारायणरावांच्या खालच्या मजल्यावरच्या. फ्लेक्सचा मजकूरही ठरला होता.

"धा कॉलला नऊ बराबर," बिभीषणने तो वाचून दाखवला.

"नोंद कुठे आहे?" नारायणरावांनी विचारलं.

"कशाची?"

"दहाला नऊची."

"सर्कलसाहेब, तोंडचा कॉल हाय. त्याची कसली नोंद?"

चौतीस वर्षं ज्याने तोंडी व्यवहाराला दारात उभं केलं नाही, त्याच्यासमोर हे वाक्य बोलायला नको होतं. नारायणरावांनी चहा अर्धा ठेवला. बावीस माणसं माणशी पाच हजार देणार, आणि आधार काय, तर तोंड. त्यांनी विचारलं, मी ठेवली नोंद तर चालेल? जे निघेल ते फ्लेक्सवर लिहायचं. नऊ निघाले तर नऊ, तीन निघाले तर तीन. बिभीषण हसला. ठिवा की, म्हणाला, तुमच्या अक्षरात असलं तर लोकांचा इस्वास बी बसंल. बाकीच्यांनाही गंमत वाटली. गंमत वाटण्याचे दिवस ते तेवढेच.

त्याच संध्याकाळी चितळे रोडवरून रजिस्टर आलं. कव्हरवर नारायणरावांनी टपोऱ्या अक्षरात 'मु. सावेडी, ता. जि. अहिल्यानगर' असं लिहिलं. तोंडाने ते नगरच म्हणत, पण लिहिताना शासन निर्णय पाळत.

दुसऱ्या दिवशी बिभीषणने सांगितलं, सिमेंट घ्या. नारायणराव म्हणाले, कुठलं सिमेंट? असेल ते आपलं नेहमीचं, बिभीषण म्हणाला. नारायणरावांनी मोबाईलवर दाखवून दिलं की एकाच आडनावाची दोन सिमेंटं बाजारात आहेत, आणि एकाच नावाचे दोन खातेदार असताना नुसतं नाव लावलं तर पुढे भाऊबंदकी होते. शिवाय कॉलला चतुःसीमा हवी. पूर्वेस खरेदीचा भाव, पश्चिमेस विक्रीचा, दक्षिणेस ज्याखाली गेला तर सोडून द्यायचा तो भाव, आणि उत्तरेस मुदत. चारी बाजू बांधल्याशिवाय नोंद धरता येणार नाही. बिभीषणला वर्कशॉपला जायचं होतं. त्याने घाईत चारी बाजू सांगितल्या आणि चहाचे पैसे द्यायला विसरला, ते नारायणरावांनी दिले.

इथपर्यंत ठीक होतं. चूक झाली ती पुढच्या पायरीला, आणि ती फक्त महसूल खात्यातल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. फेरफाराची नोंद धरली की सगळ्यांना नोटीस काढायची, ती चावडीवर लावायची, पंधरा दिवस हरकतींची वाट बघायची आणि मगच मंजूर करायची, हा नियम. नारायणरावांनी तो जसाच्या तसा कॉलला लावला. तीन दिवसांचा कॉल अठराव्या दिवशी मंजूर होऊ लागला. नोटिसा टपरीच्या पत्र्याला चिकटवल्या जात, कारण चावडी म्हणावी अशी जागा तेवढीच होती. वाल्मिकने पहिल्या आठवड्यात कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, लोकं येत्यात, नोटीस वाचत्यात आन् चहा न घेता जात्यात.

आणि हरकती आल्या. इतक्या, की अकोल्यात धरणग्रस्तांच्या वाटपाच्या वेळीही आल्या नव्हत्या. पाईपवाल्याचा भाव ठरलेल्या आकड्याला पोचला नाही म्हणून नारायणरावांनी 'चुकला' लिहिलं, तर बिभीषणची हरकत, दहा पैसे कमी होते, टेकूनच आला की. नारायणराव म्हणाले, शेजाऱ्याच्या बांधाला टेकलं म्हणजे रान आपलं होत नाही. रंगाचा कॉल बरोबर आला, तर अनीशची हरकत, की तो बिभीषणने बाजार उघडल्यावर सांगितला, म्हणून धरू नये. वाल्मिकला साक्षीला बोलावलं. तो म्हणाला, दुसरं दूध उतू गेलं तवा सांगितला. दुसरं दूध किती वाजता उतू जातं यावर अर्धा तास गेला. शेवटी रिमार्क पडला: 'वादग्रस्त.'

पाहता पाहता टपरीचं वातावरण बिघडलं. पूर्वी लोक बाजारावर बोलत, आता रजिस्टरवर बोलू लागले. कोणी म्हणालं, सर्कलसाहेब पानं मागून भरतात. हे ऐकून नारायणराव आजारी पडायचे राहिले. माझ्यावर पैसे खाल्ल्याचा आळ घ्या, ते शोभाताईंना म्हणाले, पण पान मागून भरल्याचा घेऊ नका. शोभाताई म्हणाल्या की तुमच्यावर पैसे खाल्ल्याचा आळ कोणी घेणार नाही, तुम्हाला घरातलंही धड खाता येत नाही. मग त्यांनी रंगाऱ्याचं विचारलं. दिवाळीच्या आत घराला रंग द्यायचा ठरलं होतं आणि त्याचे सत्तर हजार नारायणरावांच्या खात्यात बाजूला ठेवलेले होते.

"भिंती वाळू देत आधी," नारायणराव म्हणाले.

नगरला यंदा पाऊस किती पडला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. भिंती ओल्या व्हायला त्यांनी भिजायला तर हवं होतं. पण इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे, जी त्या वेळी फक्त नारायणरावांना माहीत होती.

टेबलावर बसून नोंद करणारा अधिकारी त्यांना कधीच आवडला नाही. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय खरंखोटं कळत नाही, म्हणून स्थळपाहणी हवी, हे त्यांचं ब्रीद. कॉलची स्थळपाहणी कशी करायची? तर थोडे शेअर घेऊनच बघायचे. पहिल्या वेळी पाच घेतले, निव्वळ सरकारी हेतूने, आणि दोनशे रुपये सुटले. दुसऱ्या वेळी पन्नास घेतले. मग त्यांना रोज सव्वानऊला, बरोबर बाजार उघडताना, गच्चीवर टाकी भरली का ते बघायला जावंसं वाटू लागलं. शोभाताईंची पूजाही अलीकडे त्याच सुमाराला सुरू होई आणि लांबे, त्यामुळे गच्चीवर निवांतपणा मिळायचा. सव्वीस कॉलची स्थळपाहणी झाली तेव्हा सत्तर हजारांपैकी एकतीस उरले होते. नारायणराव रजिस्टरात निर्विकार अक्षरात 'चुकला' लिहीत आणि मनातल्या मनात रंगाच्या पैशांतून वजाबाकी करीत. पण ती वजाबाकी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

मध्येच पोर्टलचं प्रकरण झालं. फुकट दिलेल्या कॉलच्या नोंदीचा काही विहित नमुना आहे का, एवढंच नारायणरावांना एका सरकारी पोर्टलवर विचारायचं होतं. पण तिथे विचारायला जागाच नव्हती, फक्त तक्रार करायला होती. त्यांनी 'इतर' निवडलं. पुढे लाल तारा लावून समोरच्याचं नाव आणि मोबाईल मागितला होता, आणि तारा असलेली जागा मोकळी सोडणं नारायणरावांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी बिभीषणचा नंबर घातला. दहा मिनिटांत बिभीषणला मेसेज गेला की आपल्याविरुद्ध तक्रार दाखल झाली आहे.

चार दिवस बिभीषण बागेत आला नाही. टपरीवर नारायणरावांना सगळ्यात शेवटी चहा मिळू लागला, तोही बशीत सांडलेला. तक्रार मागे घ्यायला ते बसले, तर मागे घेण्याचा एकच मार्ग होता: 'माझे समाधान झाले आहे' यावर खूण करायची. नारायणराव अर्धा तास त्या चौकोनाकडे बघत बसले. समाधान झालं नव्हतं. नमुना मिळाला नव्हता. खोटी खूण त्यांच्या हातून होईना. शेवटी पाचव्या दिवशी पोर्टलनेच कळवलं की सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही, आणि नारायणराव तो मेसेज दाखवायला रिक्षाने नागापूरला गेले.

बिभीषण वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून उभा होता. त्याने मेसेज वाचला आणि चहा मागवला.

"मला वाटलं, तुमी मला बुडवायलाच बसलाय," तो म्हणाला.

नारायणराव म्हणाले की नोंद कुणाला बुडवायला नसते. आणि हे बोलताना त्यांना आपले एकोणचाळीस हजार आठवले, त्यामुळे आवाजात हवा तेवढा जोर आला नाही.

बिभीषण परत यायला लागला आणि त्याच आठवड्यात डॉक्टर पंकजाताईंनी सगळ्यांची झोप उडवली. त्यांचा होमिओपॅथीचा दवाखाना कॉलनीच्या तोंडाशी होता आणि बायकांच्या चालण्याच्या गटाच्या त्या पुढारी. त्यांनी रजिस्टर उभ्याउभ्या चाळलं आणि म्हणाल्या की यात मुख्य गोष्टच नाही. कॉल दिला कोणी ते आहे. घेतला कोणी ते कुठे आहे? औषध लिहून दिलं म्हणजे पेशंटने ते घेतलं असं होत नाही.

नारायणरावांना हे पटलं. पटलं म्हणजे अंगाशी आलं. पण मुद्दा बिनतोड होता. त्यांनी पट्टीने रेघ ओढून नवा रकाना आखला: 'घेणाऱ्याची सही.' आणि रजिस्टर टपरीवर फिरवलं.

त्या सकाळी बाकावरच्या एकूण एक माणसाचा चष्मा घरी राहिला होता. अनीशला फोन आला आणि तो बोलत बोलत बागेबाहेर निघून गेला. दोघांना डबा आणायचा होता. ज्यांनी गेल्या वर्षभरात "घेतला होता" म्हणून छात्या फुगवल्या होत्या, त्यातल्या एकानेही पेन हातात धरलं नाही. नारायणरावांनी कोणाला आग्रह केला नाही. आपणही सही केली नाही. पहिल्यांदाच आयुष्यात ते मोकळ्या रकान्याकडे बघून रजिस्टर मिटून घरी आले, आणि त्या दिवशी त्यांना खरोखर जेवण गेलं नाही.

दसऱ्याच्या आधीचा रविवार सुनावणीचा ठरला. बाजार बंद, सगळे मोकळे. टपरीसमोर खुर्च्या टाकल्या गेल्या. क्लासला नावं दिलेले बावीसजण आले, पंकजाताईंबरोबर बायकांचा गट आला, आणि त्यात शोभाताईही होत्या. वाल्मिकने त्या दिवशी एक रुपयाने चहा वाढवला. नारायणरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी उभं राहून निकाल वाचला. एकूण कॉल एकेचाळीस. बरोबर तेरा, चुकलेले चोवीस, वादग्रस्त चार.

कुजबुज झाली. दहाला नऊ कुठे आणि दहाला तीन कुठे. अनीश बिभीषणकडे बघायचं टाळू लागला. बिभीषणचा चेहरा आधी उतरला, मग त्याने रजिस्टर ओढून घेतलं, पानं उलटली आणि मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ह्ये बघा," तो म्हणाला. "एकेचाळीस कॉल, सही एक बी न्हाई. कुनी घेतलंच न्हाई, तर कुनाचं गेलं काय? माझ्या कॉलनं ज्याचा एक रुपया गेला आसंल त्यानं हितं सही करावी. न्हाईतर क्लास व्हनार आन् फ्लेक्सवर नऊच ऱ्हानार."

मुद्दा कायद्याला धरून होता. नारायणरावांनी चौतीस वर्षांत हजार वेळा दुसऱ्यांना हेच ऐकवलं होतं: हितसंबंध दाखवा, नाहीतर हरकत फेटाळली. बावीस माणसं आता पाच-पाच हजार भरणार होती. ती थांबवायला एकच सही पुरे होती, आणि ती ज्याची होती तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. समोर दुसऱ्या ओळीत शोभाताई पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. रंगाऱ्याला पुढच्या सोमवारी बोलवायचं ठरलेलं होतं.

नारायणरावांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. एक क्षण त्यांच्या मनात आलं की आपण फक्त नोंद ठेवणारे, पक्षकार नव्हे. अधिकारी स्वतःच्या हुकमात स्वतःची साक्ष घालत नाही. युक्तिवाद चांगला होता, दुसऱ्या कोणी केला असता तर त्यांनी मान्यही केला असता. पण मान्य करून आयुष्यभर हे रजिस्टर घरात ठेवायचं, ज्यात आपणच सोडलेली एक खोटी मोकळी जागा आहे, हे त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. तिसऱ्या नोंदीपुढे सही केली. मग पाचव्या, मग सहाव्या. सव्वीस सह्या व्हायला बराच वेळ लागतो, विशेषतः ज्याला खाली तारीखही टाकायची सवय आहे त्याला.

"एकोणचाळीस हजार गेले," सह्या संपल्यावर ते म्हणाले. मग शोभाताईंकडे बघून त्यांनी सांगून टाकलं, "रंगाचे."

शोभाताई उठल्या. नारायणरावांना वाटलं, घरी निघाल्या. त्या टेबलापाशी आल्या, नवऱ्याच्या हातातून पेन घेतलं, चष्मा लावला आणि सातव्या नोंदीपुढे सही केली. मग दहाव्या, मग अकराव्या. एकूण नऊ. नारायणराव तोंड उघडून बघत राहिले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि बायकोची सही त्यांनी पासबुकाबाहेर पहिल्यांदाच पाहिली.

"माझे चौदा गेले," शोभाताई म्हणाल्या. "भिंती वाळेपर्यंत भरून निघतील असं वाटलं होतं."

कोणीतरी हसलं. पण मग पंकजाताई पुढे आल्या आणि पाच ठिकाणी सही केली, डॉक्टरांची असते तशी, न वाचता येणारी. नारायणरावांनी शेजारी नाव लिहायला लावलं. अनीशने सात केल्या. ज्यांचे चष्मे घरी राहत त्यांच्या खिशांतून चष्मे निघाले. वाल्मिकने पातेलं खाली उतरवलं, हात पुसले आणि तीन सह्या केल्या. बायकोला सांगू नका, म्हणाला, आणि त्याची बायको मागे कप विसळत होती. रकाना भरला, मग समासात सह्या गेल्या, मग नारायणरावांना पुरवणी पान जोडावं लागलं. रांगेत उभ्या असलेल्या माणसांमध्ये एक विचित्र हलकेपणा आला होता. जो तो दुसऱ्याचा आकडा विचारत होता आणि ऐकून खुलत होता. क्लासच्या यादीतली नावं कोणी न सांगताच खोडली गेली.

रांग संपली. बिभीषण इतका वेळ टपरीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघायचं कोणाला सुचत नव्हतं. नारायणराव रजिस्टर मिटायला लागले तेवढ्यात तो पुढे आला.

"थांबा," तो म्हणाला. "पेन द्या."

नारायणरावांना वाटलं, शेवटची हरकत. ते म्हणाले, मुदत संपली आहे, पण ऐकून घेतो. बिभीषणने मान हलवली. खुर्ची ओढून तो बसला आणि पानं मागे उलटत गेला, पार पहिल्या पानापर्यंत.

"क्लास त्याच्यासाठीच हुता, साहेब," तो खाली बघत म्हणाला. "गेल्यालं भरून काढायला. आमच्या घरी कुनाला म्हाईत न्हाई."

आणि त्याने पहिल्या नोंदीपुढे सही केली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या, जिथे नारायणरावांची आधीच होती, तिच्या खाली जागा करून. एकही नोंद सोडेना. लोक हळूहळू पुन्हा खुर्च्यांवर बसले. वाल्मिकने न विचारता त्याच्यापुढे चहा ठेवला. नारायणराव त्याच्या शेजारी बसले, पान वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर हात ठेवला, आणि चौतीस वर्षांत कुठल्याच पक्षकाराला न वापरलेल्या आवाजात म्हणाले, "सावकाश कर. एकेचाळीस आहेत."